खुणांची भाषा, बधिर समाज आणि आपण ऐकणारे

शेवंती

माझे आई-बाबा दोघेही जन्मापासून बधिर. मला आणि धाकट्या भावाला ऐकू येतं. आमच्या घरची पहिली भाषा खुणांची. मराठी आली ती आजीकडून, शेजारच्या काकूंकडून आणि बालवाडीतून. पुढे पोटापाण्याचा उद्योगही तोच झाला, म्हणजे मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीसं लिहिलं होतं की खुणा म्हणजे भाषा नव्हे, नाइलाजाने केलेले हातवारे. तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

आधी व्याकरणाचं. आपल्याकडच्या खुणांच्या भाषेत प्रश्नाची खूण मुळात एकच, आणि ती वाक्याच्या शेवटी येते. तिला चेहऱ्याची खूण जोडली की 'कोण', जागेची जोडली की 'कुठे', वेळेची जोडली की 'कधी'. नकारही शेवटीच. 'मी तुला दिलं' आणि 'तू मला दिलंस' यांत देण्याची खूण तीच राहते, हात कुणाकडून कुणाकडे गेला एवढंच बदलतं. समोर नसलेल्या माणसांना हवेत जागा ठरवून दिली जाते. आत्या डावीकडे, मामा उजवीकडे असं एकदा ठरलं की भांडणाची अख्खी हकिगत संपेपर्यंत त्या जागा हलत नाहीत. भुवयासुद्धा व्याकरणाचा भाग आहेत. त्या वर गेल्या नाहीत तर 'जेवलास?' हा प्रश्न राहत नाही, 'जेवलास' एवढंच उरतं.

आणि ही भाषा जगभर एक नाही. अमेरिकेची वेगळी, ब्रिटनची वेगळी, जपानची वेगळी. शब्दाचे जसे ध्वनी पाडता येतात तसे खुणेचेही हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे घटक पाडता येतात, हे वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजातल्या विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवलं. आपल्याकडे मदन वसिष्ठ (ते स्वतः बधिर) आणि जेम्स वुडवर्ड यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या, पुढे उलरिके झेशान यांनी व्याकरणावर काम केलं. शहरागणिक शब्द बदलतात, पण वाक्य बांधायची रीत बरीचशी एकच निघाली.

मग शाळांनी ती इतकी वर्षं दाबली का? १८८०च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत बधिर माणूस एक. शाळेत तोंडाने बोलायलाच शिकवावं, खुणा नकोत, असा ठराव झाला आणि ठिकठिकाणच्या बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. भारतातली बधिरांची पहिली शाळा बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत १८८५च्या सुमारास निघाली, म्हणजे त्या ठरावाची शाई अजून ओली होती. पुढची शंभरेक वर्षं आपल्या बहुतेक शाळा त्याच वाटेने गेल्या. २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या तशाच परिषदेने तो ठराव फेटाळून जाहीर खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी!

आई वसतिगृहात वाढली. वर्गात हात हलला की पट्टी बसायची. बाईंच्या गळ्याला बोटं लावून 'प' आणि 'ब'मधला कंप ओळखायचा आणि तसा आवाज काढायचा, दिवसभर हेच. संध्याकाळी मोठ्या मुली धाकट्यांना खुणा शिकवायच्या. जत्रा, भुतं, पिक्चरची स्टोरी, पाळी म्हणजे काय, गांधीजी कोण होते, सगळं तिथे. आई म्हणते, मला जगातलं जे काही कळतं ते संध्याकाळी सहानंतर कळलेलं आहे.

बाबांचं विद्यापीठ म्हणजे मुंबईची लोकल. दिव्यांगांच्या डब्यात रोजची ठरलेली गाडी, ठरलेली मंडळी. नोकरीच्या बातम्या, लग्नाची स्थळं, कुणाच्या पोराला दहावीला किती पडले, पासच्या सवलतीत काय बदललं, सगळ्याची देवाणघेवाण त्या डब्यात. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या स्वतः बधिर असलेल्या संशोधिकेने मुंबईच्या याच डब्यावर अभ्यास केला आहे. आता व्हिडिओ कॉल आला. आमच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला असतो आणि आई कणकेने माखलेल्या हातांनी सोलापूरच्या मावशीशी भांडते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दहातली नऊ बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरातली भाषा त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. आणि 'खुणा केल्यात तर बोलायचा आळस करेल' असं आईबापांना सांगितलं जातं, म्हणून दुसरी भाषाही मिळत नाही. पहिली चार-पाच वर्षं, जी भाषेची खरी वर्षं, ती अशी कोरडी जातात. कामानिमित्त मी अशा माणसांशेजारी उभी राहिले आहे, ज्यांना तिशीतही 'हे आधी झालं, ते नंतर झालं, याच्यामुळे झालं' एवढं सलग सांगता येत नाही. बुद्धी कमी नाही. वेळेवर कुणी भाषाच दिली नाही. कानाला मशीन बसवा, बोलायला शिकवा, सगळं करा, पण त्याची वाट बघत मुलाला भाषेविना ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

---

तळ्यातमळ्यात

शेवंतीताई, फार छान आणि मनापासून लिहिलंत. पु.ले.शु. दूरदर्शनवर रविवारी बधिरांसाठी बातम्या लागायच्या, तेवढीच आमची ओळख. एक विचारू का? ओठ वाचून कळत नाही का? सिनेमात तर सगळं कळतं.

---

शेवंती

त्या बातम्या १९८७ला सुरू झाल्या, आमच्याकडे ती वेळ कधी चुकली नाही.

ओठांचं म्हणाल तर आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पान', 'बाण', 'मान' म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतात. क, ग, ह तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. त्यात समोरच्याला मिशी असली, तोंडात तंबाखू असली किंवा तो पाठमोरा होऊन फाइल काढत बोलला की संपलं. ओळखीचा विषय आणि ओळखीचा माणूस असेल तर बाबा अंदाजाने बरंच पकडतात. बँकेतल्या अनोळखी माणसासमोर नाही.

---

सांगलीकर

मी इथे सहसा लिहीत नाही. आमची मुलगी सव्वा वर्षाची आहे. हाक मारली तर बघत नव्हती, पण ताट पडलं की दचकायची, म्हणून घरच्यांनी बरेच दिवस मनावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघतात ती) झाली, दोन्ही कानांना अतितीव्र दोष. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) सुचवलं आहे. जिथे थेरपीला जातो तिथे स्पष्ट सांगितलं की घरात एकही खूण करायची नाही. बायको तर आता तिला 'ये' म्हणून हात करायलाही घाबरते. वडील म्हणतात, पोर बघतेय आपल्याकडे आणि आपण हात बांधून बसलोय. काय खरं मानायचं?

---

मेघमल्हार

मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, म्हणून लिहितो. ताटाला दचकणं हे बरेचदा जमिनीच्या कंपाने किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्याने होतं, त्यात तुमचा दोष नाही. बाळाच्या कानांची प्राथमिक तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत असा दंडक आहे, पण आपल्याकडे जन्मताच कान तपासणारी रुग्णालयं अजून सगळीकडे नाहीत.

इम्प्लांटबद्दल. दोष अतितीव्र असेल, श्रवणयंत्र लावून बघून उपयोग होत नसेल आणि श्रवणाची नस ठीक असेल, तर उशीर करू नका. एक-दोन वर्षांच्या वयात केलेल्या शस्त्रक्रियेचा आणि पाचव्या वर्षी केलेल्या शस्त्रक्रियेचा निकाल सारखा नसतो. आधी न्यूमोकोकसची लस द्यावी लागते, मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) धोका टाळण्यासाठी. खर्चाची धास्ती घेऊ नका, दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून पात्र मुलांना मदत मिळते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं काम बघते, तिथे चौकशी करा.

पण शस्त्रक्रिया ही सुरुवात आहे. आतल्या तारा नसेला विजेचे संकेत देतात, ते मेंदूला आवाज म्हणून ओळखायला शिकावं लागतं. वरचेवर मॅपिंग (यंत्राचे संकेत मुलाला जुळवून देणं), कित्येक वर्षं थेरपी. बाहेरचा भाग झोपताना आणि आंघोळीला काढला की मूल पुन्हा पूर्ण बधिरच असतं. हे आईबापांना आधी सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

खुणांवर आमच्या क्षेत्रात आजही एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझं मत असं की खुणांमुळे बोलणं थांबत नाही. खुणा करताना सोबत बोलत राहा, यंत्र सतत लावून ठेवा.

---

आजी_नागपूर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, रागावू नका. नातवाचं इम्प्लांट लहानपणीच झालं. सुनेने नोकरी सोडली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, देवपूजा करताना एकेक शब्द शंभरदा म्हणायची. खुणा कटाक्षाने टाळल्या. आज तो साध्या शाळेत सातवीत आहे आणि माझ्याशी फोनवर बोलतो. त्या वेळी खुणांची सोपी वाट दिली असती तर एवढा रेटा लागला असता का, अशी शंका येते. सुनेच्या कष्टांचं मोल कुणी कमी करू नये एवढंच.

---

शेवंती

आजी, रागावण्याचा प्रश्नच नाही. सुनबाईंनी जे केलं त्याला तोड नाही. पण सांगलीकरांच्या मुलीचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यानंतरही शब्द कळायला वेळ लागणार. तोवर तिला पाणी हवंय की कडेवर घ्यायला हवंय हे ती कशी सांगणार? अंधाराची भीती वाटते हे कशी सांगणार? आणि प्रत्येक मुलाला फोनवर बोलण्याइतका फायदा होत नाही. ज्यांना होत नाही ती मुलं दहा वर्षांची झाल्यावर बधिर शाळेत येतात, त्या वेळी त्यांच्याकडे ना मराठी असते ना खुणा. मी ती मुलं पाहिली आहेत.

---

सह्याद्रीवारा

मी बधिर आहे. धागा बायकोने दाखवला, तीही बधिर आहे. मी एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो.

माझ्या घरी सगळे ऐकणारे. सगळ्यांनी प्रेम केलं, शिकवलं. पण खुणा कुणी शिकले नाही. दिवाळीत सगळे जेवायला बसतात. कुणीतरी काही बोलतं, सगळे हसतात. मी विचारतो, काय झालं? दादा म्हणतो, काही नाही, नंतर सांगतो. नंतर कधी सांगत नाही. आजोबा वारले तेव्हा ते का वारले ते मला वर्षभराने कळलं. दादा वाईट नाही. त्याला वाटतं, छोटी गोष्ट आहे. पण माणूस छोट्या गोष्टींनीच घरातला होतो.

आमच्या मंडळात रविवारी सगळे जमतात. क्रिकेट होतं, कॅरम होतो, भांडण होतं. तिथे मी विनोद सांगतो आणि लोक हसतात. तिथून निघताना 'चला' म्हटल्यावरही तास जातो, दिव्याखाली उभं राहून गप्पा चालू. घरी मी गप्प असतो, म्हणून घरचे म्हणतात याचा स्वभाव शांत आहे. मंडळात विचारा माझा स्वभाव कसा आहे!

माझ्या दोन मित्रांना इम्प्लांट आहे. एक चांगला बोलतो, एक कमी. दोघे खुणा करतात. बोलणाराही म्हणतो, दिवसभर ऐकून डोकं थकतं, इथे आलं की बरं वाटतं.

सांगलीकर दादा, मुलीला मशीन बसवा. खुणा पण शिका. तुम्ही शिका, फक्त मुलीने शिकून काय उपयोग?

---

चहाबाज

+१०० सह्याद्रीवारा. 'नंतर सांगतो' वाचून थबकलो. आमच्या घरातही एक काका आहेत.

एक शंका, गाडी चालवायला परवाना मिळतो का? काकांना एजंटने सरळ नाही सांगितलं होतं.

---

सह्याद्रीवारा

मिळतो. मी बाइक चालवतो. २०१६ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलं आहे की बधिरांना परवाना द्यावा. त्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाचाही निकाल आहे. एजंटला विचारू नका, कागद घेऊन थेट आरटीओत जा.

---

टेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितेय. इथे शाळेत मदतनीस म्हणून काम करताना ब्रिटिश सांकेतिक भाषा थोडी शिकले. गंमत म्हणजे सुट्टीत पुण्याला आले तेव्हा शेजारच्या बधिर ताईंशी बोटांनी इंग्रजी अक्षरं करून नावं सांगता आली, कारण भारतात दोन्ही हातांनी अक्षरं करतात ती पद्धत ब्रिटिशांकडून आलेली. अमेरिकन लोक एका हाताने करतात. अक्षरांपलीकडे मात्र काही जुळेना. ताईंनी बाईसाठी नाकातल्या चमकीच्या जागी बोट लावलं आणि पुरुषासाठी मिशीवर, ते मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

इथे २०२२मध्ये कायदा होऊन ब्रिटिश सांकेतिक भाषेला मान्यता मिळाली. न्यूझीलंडमध्ये तर तिथली सांकेतिक भाषा २००६पासून अधिकृत भाषा आहे. आपल्याकडे काय स्थिती आहे?

---

काळाकोट

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं सांगतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, भारतीय सांकेतिक भाषा नाही, बधिर संघटनांची ती जुनी मागणी आहे. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा धरलेली आहे आणि शिक्षणात तिला उत्तेजन द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. साक्षीचं म्हणाल तर बोलू न शकणारा साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते. पूर्वी पुरावा कायद्याचं ११९ कलम होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १२५ आहे. न्यायालयाने दुभाषी घ्यावा आणि जबाबाचं चित्रीकरण करावं असं त्यात स्पष्ट आहे. तालुक्याच्या ठिकाणी दुभाषी मिळतो का, हा पुढचा प्रश्न.

सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी या बधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत बाजू मांडली, तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. ते चित्र पाहून मला आमच्या व्यवसायाचा अभिमान वाटला.

---

शेवंती

धन्यवाद काळाकोट. दुभाषी मिळत नाहीत हेच खरं दुखणं आहे. दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रात आणि वांद्र्याच्या संस्थेतही आहे. केंद्र २०१५ला स्थापन झालं, त्यांच्या शब्दकोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द आले, एनसीईआरटीची शालेय पुस्तकं खुणांत आणायचा करार झाला. चांगलं चाललंय. पण ५० लाखांवर लोकांना ऐकण्याची अडचण असल्याची नोंद २०११च्या जनगणनेत आहे. त्यांच्या मानाने दुभाषी फारच तोकडे.

मग हे काम कोण करतं? घरातली ऐकणारी पोरं. मी सहावीत होते. आईच्या गर्भाशयात गाठ निघाली आणि पिशवी काढावी लागेल हे एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला सांगितलं, 'आईला सांग' म्हणून. गर्भाशयाची खूण मला येत नव्हती, कारण कुणाला कधी गरजच पडली नव्हती. मी पोटावर हात ठेवून, बाळ कुठे असतं ते दाखवून, मग काढून टाकल्याची खूण केली. आईला वाटलं ती गरोदर आहे आणि मूल पाडायचं म्हणताहेत. ती रडायला लागली, डॉक्टर घड्याळ बघत होते. शेवटी कागदावर चित्र काढून झालं. डॉक्टर, नर्स कुणी हा धागा वाचत असाल तर कळकळीने सांगते, पेशंटच्या मुलाला दुभाषी करू नका. निदान मोठ्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घ्या. आणि बोलताना पेशंटकडे बघा, माझ्याकडे नको. आजार तिचा आहे.

---

आजी_नागपूर

शेवंती, हे वाचून डोळे भरून आले. माझ्या मताचा मी अजून विचार करतेय. नातवाला विचारलं, तुला खुणा शिकायच्या आहेत का? तो पटकन हो म्हणाला. सुनेला अजून सांगितलेलं नाही.

---

सांगलीकर

सगळ्यांचे आभार. मेघमल्हार, लसीचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारतो. वांद्र्याला फोन लावला आहे. बायकोने धागा दोनदा वाचला. आम्ही दोघं आणि वडील शिकायला तयार आहोत, पण सुरुवात कुठून करायची? इथे आसपास वर्ग दिसत नाही. आणि खुणा चुकीच्या केल्या तर?

---

शेवंती

चुकीच्या झाल्या तरी चालेल, तुमच्याहून लवकर तीच सुधारेल. दिल्लीच्या केंद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, 'साइन लर्न' नावाचं अ‍ॅपही आहे. रोज लागणाऱ्या खुणांपासून धरा: दूध, पाणी, अजून, संपलं, आई, बाबा, आजोबा, कुठे, दुखतंय. ती वस्तूकडे बघत असताना खूण करू नका, तिने तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा, नाहीतर दोन्हीपैकी एकच काहीतरी दिसतं. तिच्या उंचीला खाली बसा. हाक मारायची तर खांद्याला हलकेच हात लावा किंवा दिवा एकदा बंद-चालू करा, डोक्यावर टपली नको. चित्रांचं पुस्तक वाचताना तिला मांडीवर पाठमोरी न बसवता समोर बसवा. खूण करताना तोंडाने बोलायचं थांबवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, तिला बधिर मोठी माणसं भेटवा. तुम्हीही भेटा. नोकरी करणारी, संसार करणारी, उधार मागणारी, चिडणारी माणसं बघितली की तुमची अर्धी भीती जाईल. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींपैकी कुणी ओळखीचं आहे का ते बाबा विचारताहेत. तोवर आई-बाबा रविवारी दुपारी चारनंतर मोकळे असतात, व्हिडिओ कॉल करा, मी मध्ये बसेन. नंबर व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवलाय. फोन टेकवून ठेवा, हातात धरू नका, कंबरेपासून वरचं दिसलं पाहिजे. आणि खिडकीला पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो.